खोडलेलं शून्य

माझ्या लोखंडी पेटीत बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची एक दोनशे पानी वही आहे. पुठ्ठा कधीच गेला, शिवण उसवली, एका कडेनं वाळवीनं खाल्लं. तिच्यातल्या एका पानावर तेलाचा मोठा डाग आहे. तो ठेच्याचा. गावाहून एस.टी.नं आलेला डबा मी त्या पानावर ठेवून जेवलो होतो. वहीवर काही ठेवू नये, विद्या असते ती, हे मायनं लहानपणापासून शिकवलेलं. तरी ठेवला, कारण त्या पानाचा मला राग आला होता. पानावर पाठपोट एकच गणित आहे. सात वेळा सोडवलेलं. सातही वेळा उत्तर शून्य आलंय आणि सातही वेळा मी ते शून्य खोडलंय.

हे १९८६ सालचं. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं, आता छत्रपती संभाजीनगर. त्या दिवसांबद्दल लिहिताना हातून जुनंच नाव उतरतं, ते वाचणाऱ्यानं समजून घ्यावं.

आमचं गाव पैठण तालुक्यात. गावाजवळच्या टेकडीवर उभं राहिलं की जायकवाडीचं पाणी दिसायचं. १९७६ साली धरण पुरं झालं. सत्तावीस दरवाजे, वर नाथसागर नाव. पण कालवा आमच्या शिवाराच्या खालच्या अंगानं गेला. पाणी उताराला लागणार, वरच्या रानात ते चढून कसं येणार? म्हणून डोळ्यांसमोर समुद्र आणि पायाखाली कोरडी ढेकळं अशी आमची गत. जायकवाडीचं पाणी मी पहिल्यांदा पोटभर प्यालो ते औरंगाबादेत, नळाचं.

त्या साली पाऊस असाच तोंड दाखवून गेला. बाजरी हातभर वाढून वाळली. दादांनी विहीर आणखी खोल न्यायला काढली होती. सहा परसांवर काळा पाषाण लागला. यारी लावली, सुरुंग लावले. दर आठवड्याला वाटायचं, आता झरा फुटेल. झरा काही फुटेना. विहिरीनं घरातला पैसा तेवढा पिऊन टाकला.

अशात मी शहरात शिकायला. बेगमपुऱ्यात एका जुन्या वाड्यात माडीवरची खोली, आम्ही तिघं. डबा रोज सकाळच्या गाडीनं यायचा. मध्यवर्ती बसस्थानकावर आमच्यासारखी पन्नास पोरं डब्यासाठी उभी असायची. गाडी लागली की कंडक्टर टपावरच्या अन् सीटखालच्या पिशव्या काढून द्यायचा. प्रत्येकाला आपली पिशवी लांबूनच ओळखू यायची. माझी पिशवी खताच्या गोणीची, मायनं हातानं शिवलेली. ती घेऊन मिल कॉर्नर, पाणचक्की, महमूद दरवाजा असं चालत खोलीवर यायचो. भाकरी दोन वेळच्या असत. संध्याकाळपर्यंत त्या वातड होत, पण पाणी लावून खाल्ल्या की पोट भरायचं.

अभ्यासाचं म्हणाल तर बारावीपर्यंत मी बऱ्यापैकी हुशार समजला जायचो. शाळा मराठी. सदिश म्हणजे दिशा असलेली राशी, अदिश म्हणजे दिशा नसलेली, हे मला पाठ होतं आणि कळतही होतं. वारा सदिश, बैलाचं वस्तुमान अदिश. कॉलेजात सगळं इंग्रजीत आलं आणि कळलेलंही परकं झालं. दुसऱ्या वर्षाला व्हेक्टर कॅल्क्युलस लागलं. ग्रॅडियंट, डायव्हर्जन्स, कर्ल. तिन्हींच्या आधी एक उलटा त्रिकोण. आमच्याकडं आरोग्य केंद्राच्या भिंतीवर कुटुंब नियोजनाचा उलटा लाल त्रिकोण रंगवलेला असे, डिट्टो तसाच. पहिल्या दिवशी फळ्यावर तो बघून मी आणि माझ्या शेजारचा पोरगा खाली मान घालून हसलो. नंतर हसू आलं नाही.

गणित काय होतं ते सांगतो. अवघड नाही. एक बिंदू घ्या. त्या बिंदूपासून चारी दिशांना, वर, खाली, सगळीकडं काहीतरी पसरतंय, कंदिलाचा उजेड पसरतो तसं. अंतर दुप्पट झालं की त्याचा जोर चौथाई होतो, तिप्पट झालं की नववा हिस्सा. विजेच्या भाराचं क्षेत्र असंच असतं, गुरुत्वाकर्षणही असंच कमी होत जातं. प्रश्नाचे तीन भाग होते. पहिला, या क्षेत्राचं डायव्हर्जन्स काढा. दुसरा, त्या बिंदूभोवती एक गोल कल्पून त्याच्या पृष्ठभागातून बाहेर पडणारा एकूण फ्लक्स काढा. तिसरा, गॉसचा सिद्धांत पडताळून पाहा. हा सिद्धांत म्हणतो की गोलाच्या आतल्या सगळ्या डायव्हर्जन्सची बेरीज केली तर ती बाहेर पडणाऱ्या फ्लक्सइतकीच भरते.

पहिला भाग मी केला. एक्सचा तुकडा, वायचा तुकडा, झेडचा तुकडा. बेरीज करायला गेलं की तीनातून तीन वजा होतात. उत्तर शून्य. दुसरा भाग तर त्याहून सोपा. गोलाचं क्षेत्रफळ चार पाय गुणिले त्रिज्येचा वर्ग. जोर त्रिज्येच्या वर्गानं भागलेला. वर्गाला वर्ग कटतो, उरतात चार पाय. गोल लिंबाएवढा घ्या नाहीतर पृथ्वीएवढा घ्या, उत्तर चार पाय. म्हणजे साडेबाराच्या थोडं वर.

आता पडताळा. शून्य बरोबर चार पाय. शून्याला चार पाय फुटले कुठून?

मी पुन्हा केलं. पुन्हा शून्य. वाटलं, चिन्हाची चूक असेल. रात्री दीड-दोनपर्यंत बसायचो. घरमालक खालून ओरडायचे, "क्या जी, रातभर लाइट जलाते, बिल कौन भरता?" मग मी बल्ब बंद करून चिमणी लावायचो. दुसऱ्या भागात चूक नव्हती, कारण क्षेत्रफळाचं सूत्र आम्हाला शाळेपासून माहीत. म्हणून मी धरून चाललो की चूक पहिल्या भागातच असणार. तेवढ्याचसाठी दर वेळी शून्य खोडायचो.

ग्रंथालयात शॉम मालिकेतलं स्पीगेलचं 'व्हेक्टर अ‍ॅनालिसिस' होतं. ते बाहेर न्यायला मिळायचं नाही, तिथंच बसून वाचायचं. त्यात हेच प्रमेय सापडलं. बिंदू गोलाच्या बाहेर असेल तर फ्लक्स शून्य, आत असेल तर चार पाय. सिद्ध करून दाखवलेलं. मी ते सबंध उतरवून घेतलं. पण उतरवून घेणं वेगळं आणि कळणं वेगळं. इंग्रजी वाक्यातले शब्द सगळे ओळखीचे, वाक्य मात्र अनोळखी, अशी माझी अवस्था होती.

शेवटी धीर करून वर्गात विचारलं. आमच्याकडं वर्गात कोणी विचारत नसे. मी उभा राहिलो, इंग्रजीत दोन वाक्यं पाठ केली होती ती म्हटली. 'डायव्हर्जन्स' शब्दात अडखळलो. दुसऱ्यांदा म्हणायला गेलो तर आणखी वेडावाकडा बाहेर पडला. मागच्या बाकावर कोणीतरी खिंकाळलं. प्राध्यापकांनी घड्याळाकडं पाहिलं. म्हणाले, "हे परीक्षेला येत नाही. सूत्र पाठ करा, पुढं चला." मग हसू सगळ्या वर्गात पसरलं. त्यांच्याबद्दल आज माझ्या मनात काही नाही. दीडशे पोरं, पुरा करायचा अभ्यासक्रम, तेही काय करणार? पण त्या दिवशी मी खाली बसलो तो मनानं पार गावाकडं जाऊन बसलो.

त्याच रात्री डबा वहीवर ठेवून जेवलो आणि पंधरा पैशांचं पोस्टकार्ड लिहिलं. 'तीर्थरूप दादांना साष्टांग नमस्कार. इथलं शिक्षण मला झेपत नाही. दिवाळीला येईन तो सामान घेऊनच येईन. विहिरीच्या कामाला माणूस लागतंच. मायला सांगू नका.' सकाळी डबा आणायला जाताना ते पेटीत टाकलं. टाकल्यावर हलकं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

खोलीतला एक मित्र रसायनशास्त्राचा. तो म्हणाला, "जायचंच आहे ना? मग जाण्याआधी विद्यापीठात विचारून ये. हसले तरी पुन्हा कुठं तोंड दाखवायचंय?" हे मला पटलं. बेगमपुऱ्यातून विद्यापीठ चालत जाण्याजोगं. तेव्हा नुसतं मराठवाडा विद्यापीठ म्हणत. भौतिकशास्त्र विभागात मी तिसऱ्या वेळी आत शिरलो. पहिल्या दोन वेळा पायरीपासूनच परत आलो होतो.

आत एक सर एकटेच काहीतरी तपासत बसले होते. मी दारातूनच पाठ केलेली दोन वाक्यं म्हणायला लागलो. त्यांनी मान वर केली.

"कुठला रे तू?"

"पैठण तालुका."

"मग इंग्रजी कशाला बोलतोस? काय अडलंय ते मराठीत सांग."

मला सांगता येईना. शिकवताना सगळं इंग्रजीत झालेलं, त्यामुळं अडलेलंही इंग्रजीतच अडलेलं. मी वही पुढं केली. त्यांनी पान पाहिलं, तेलाचा डाग पाहिला, सात शून्यं पाहिली. माझ्या हातात खडू दिला.

"हे राहू दे. जायकवाडीचे दरवाजे उघडले की रेडिओवर काय सांगतात?"

"इतके हजार क्युसेक सोडले."

"क्युसेक म्हणजे?"

"सेकंदाला किती घनफूट पाणी गेलं ते."

"हाच तुझा फ्लक्स. दरवाजातून सेकंदाला किती गेलं. वेगळं काही नाही. आता डायव्हर्जन्स सांग."

मी गप्प.

"घरी विहीर आहे?"

"आहे. पाणी नाही."

ते क्षणभर थांबले. मग म्हणाले, "बरं. समज, पाणी आहे. पाण्यात एक खोकं बुडवलं, चारी बाजूंना जाळी असलेलं. एका बाजूनं जितकं आत शिरतं तितकंच दुसऱ्या बाजूनं बाहेर पडतं. खोक्यात काही आहे का?"

"नाही. नुसतं पाणी वाहतंय."

"आणि शिरतंय त्याहून जास्त बाहेर पडत असेल तर?"

"मग खोक्यात झरा आहे."

"झालं. डायव्हर्जन्स म्हणजे त्या जागी झरा आहे का नाही, एवढाच प्रश्न. शून्य आलं म्हणजे त्या जागी झरा नाही."

मला एकदम कोणीतरी अंधारात हात धरल्यासारखं झालं. त्यांनी फळ्यावर एक बिंदू काढला, त्यापासून निघणारे बाण काढले आणि बाजूला एक खोकं काढलं, बिंदूकडची भिंत लहान आणि पलीकडची मोठी. "पाट रुंद झाला की पाण्याचं काय होतं?"

"मंद होतं. पण पाणी तेवढंच राहतं."

"इथं तेच. पुढं जाताना जागा वाढते वर्गानं आणि जोर कमी होतो वर्गानं. लहान भिंतीतून जेवढं आत, मोठ्या भिंतीतून तेवढंच बाहेर. म्हणून या खोक्यात शून्य. या खोक्यातही शून्य. कुठंही ठेव, शून्य. तुझं उत्तर बरोबर आहे. खोडलंस कशाला?"

"पण सर, मग बाहेर चार पाय येतात कुठून?"

"ते तू सांग. गोलातून पाणी बाहेर पडतंय, म्हणजे आत झरा आहे. खोकं कुठं ठेवलं नाहीस?"

मी फळ्याकडं पाहत राहिलो. मग म्हणालो, "मध्ये. बिंदूवर."

"का नाही ठेवलंस?"

"तिथं अंतर शून्य होतं. शून्यानं भागता येत नाही."

"म्हणजे तिथलं उत्तर शून्य आलं नव्हतं. तिथलं उत्तर तू काढलंच नव्हतंस. तुझं सूत्र त्या एका जागी चालत नाही, आणि नेमकं तिथंच सगळं आहे."

मी बराच वेळ काही बोललो नाही. मग उगाच, खरं तर आनंदानंच, म्हणालो, "सर, पण विहिरीत झरा मध्ये नसतो. कडेच्या कपारीतून येतो."

ते मोठ्यानं हसले. "मग आरंभबिंदू कडेला ठेव! तो काय पाटलानं ठरवून दिलाय? झरा असेल तिथं आरंभबिंदू ठेवायचा."

पुढं त्यांनी सांगितलं की अशा एका बिंदूतल्या झऱ्यासाठी पॉल डिरॅक नावाच्या शास्त्रज्ञानं डेल्टा म्हणून एक चिन्ह वापरात आणलं. त्या बिंदूशिवाय सगळीकडं शून्य, आणि तरी सगळ्याची बेरीज एक. आपल्या गणितात ती चार पाय पट. "ते पुढं शिकशील," म्हणाले. मी पुढं शिकणार नव्हतो, दिवाळीला सामान बांधणार होतो. पण तसं त्यांना सांगायचं तोंड झालं नाही.

चहा आला. चहा पिताना त्यांनी जॉर्ज ग्रीनची गोष्ट सांगितली. इंग्लंडात नॉटिंगहॅमजवळ त्याच्या बापाची पवनचक्की होती. पोरगा वर्षभर शाळेत गेला असेल-नसेल, मग चक्कीवर. पिठात राबता राबता त्यानं हेच गणित स्वतः शिकलं आणि १८२८ साली विजेवर अन् चुंबकत्वावर एक निबंध वर्गणी जमवून छापला. घेणारे पन्नासेक, त्यातल्या बहुतेकांना तो कळण्यासारखा नव्हता. चाळिशीत तो केंब्रिजला शिकायला गेला. १८४१ ला वारला. पुढं १८४५ मध्ये विल्यम थॉमसनच्या, म्हणजे नंतरच्या लॉर्ड केल्विनच्या, हाती तो निबंध लागला, तेव्हा जगाला कळलं की हा माणूस कोण होता. "त्याला विचारायला कोणी नव्हतं," सर म्हणाले. "तुला आहे. पुन्हा अडलं की ये. आणि येताना वहीवर भाकरी सांडू नकोस."

परतताना सरळ खोलीवर गेलो नाही. पाणचक्कीत शिरलो. बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्याजवळची ही चक्की १७४४ सालची, तुर्कताज खानानं करवलेली. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून जमिनीखालून येतं, भिंतीवर चढतं, वरून हौदात पडतं आणि त्याच्या जोरावर खाली जातं फिरायचं. दीड वर्ष मी डब्याची पिशवी घेऊन शेजारून जात होतो, आत कधी थांबून पाहिलं नव्हतं. त्या साली धार बारीकच होती. तरी ती भिंतीवर चढून येतच होती, कारण मूळ झरा त्या भिंतीहून उंचावर आहे. एवढ्या लांबच्या नळात मध्ये कुठंही झरा नाही. कुठंही खोकं ठेवलं असतं तरी शून्यच आलं असतं. हौदाच्या काठावर बसून मला हे कोणी न सांगता दिसलं.

दिवाळीला घरी गेलो. सामान नेलं नाही, पण ठरलंही काही नव्हतं. गणित सुटलं म्हणून पैसा सुटत नाही. दादांनी पोस्टकार्डाचा विषय काढला नाही. ते चोपडीत खोचलेलं मला दिसलं. दुपारी ते विहिरीवर गेल्यावर मी चोपडी काढली. मला पाहायचं होतं, माझं शिक्षण घराला किती महागात पडतंय.

दादांचा हिशेब नीटनेटका. दुधाचे पैसे आले, सोसायटीच्या हप्त्यात गेले. दोन शेळ्या विकल्या, सुरुंगाच्या दारूला गेल्या. तूर विकली, यारीवाल्याला दिले. आलेला रुपया ज्या ओळीत आला त्याच ओळीत गेलेला. पानापानावर शेवटी शून्य. आणि दर महिन्याला सत्तर रुपयांची मनीऑर्डर मला पोचत होती. ती कुठल्याच ओळीत नव्हती. मी तीन वेळा बेरीज केली.

शेजारच्या पोराला विचारलं, "माय कुठं गेली रे?"

"तळ्यावर. रोजगार हमीच्या कामावर. लई दिवस झाले की."

गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलावाचं काम चालू होतं. भर उन्हाची दोन-अडीचशे माणसं मातीत. जमीन असलेल्या घरातल्या बाईनं रोजगार हमीवर जायचं ही तेव्हा आमच्याकडं खाली मान घालायची गोष्ट होती. दादांना माहीत होतं. चोपडीत लिहिलं असतं तर ते खरं झालं असतं, म्हणून त्यांनी ते लिहिलं नव्हतं. मी घरचा हिशेब तीनदा तपासला होता आणि माय त्यात कुठंच नव्हती.

मी ओळखण्याआधी तिनंच मला पाहिलं. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर मातीची पाटी, पदर नाकातोंडावर बांधलेला. पाटी रिकामी करून ती आली. हात पुसले. हाताला घट्टे पडले होते.

"कामून आला रं इकडं, उन्हाचं?"

मी म्हणालो, "तू कामून आलीस?"

"घरी बसून काय करू? इहिरीला पानी न्हाई, गुराला चारा न्हाई. इथं चार बाया भेटत्यात." मग माझ्याकडं न पाहता म्हणाली, "तुजं कार्ड आलतं. त्यांनी वाचून दाखवलं न्हाई. काय लिवलं व्हतं?"

मायला वाचता येत नव्हतं. मस्टरवर अंगठा लावायची.

मी म्हणालो, "सुट्टी कधी लागते ते लिहिलं होतं."

"आन् परत कधी जायचं?"

"भाऊबीज झाली की."

"जाय मंग," ती म्हणाली आणि पाटी उचलायला गेली. मुकादम हाका मारत होता.

परीक्षेत ते गणित आलं नाही. प्राध्यापक बरोबर होते. पण सूत्रांचा झरा कळल्यावर बाकीची गणितं सुटत गेली आणि मी पास झालो. पुढं त्याच विद्यापीठात एम.एस्सी. केलं. त्याच सरांनी शिकवलं. तिथं डेल्टा आला तेव्हा त्यांनी फळ्याकडं तोंड करून म्हटलं, "पैठणवाल्यांना हे माहीत आहे." विहिरीला पुढच्या उन्हाळ्यात आडवं बोअर मारलं, तेव्हा पूर्वेच्या अंगाला करंगळीएवढी धार लागली. कडेलाच.

मी कॉलेजात शिकवता शिकवता आता निवृत्तीला आलो. पोरं येतात विचारायला. त्यांच्या मोबाइलवर उत्तर पायरी पायरीनं सोडवलेलं असतं. ते दाखवतात आणि म्हणतात, "सर, उत्तर आहे, पण कळलं नाही." मी त्यांना गाव विचारतो आणि घरच्या बोलीत सांगायला लावतो. सुरुवातीला एकालाही सांगता येत नाही. दहा-पंधरा मिनिटं जातात. ती जाऊ द्यावी लागतात. अडलेलं काय आहे हे स्वतःच्या शब्दांत बाहेर आलं की पुढं माझं काम थोडंच उरतं. कोणी उत्तर खोडून आणलं असेल तर ते आधी परत लिहायला लावतो.

मायच्या शेवटच्या वर्षांत एकदा ती संभाजीनगरला माझ्याकडं राहिली होती. मी पेटी आवरत होतो. ही वही निघाली. डाग पाहून तिनं विचारलं, हे कशाचं? मी म्हणालो, तुझ्या ठेच्याचं. मग इतक्या वर्षांनी तिला ते पोस्टकार्ड सांगितलं. त्या दिवशी तळ्यावर तुझ्याशी खोटं बोललो, शाळा सोडतो असं लिहिलं होतं, म्हणालो.

ती वहीच्या पानावरून हात फिरवत होती.

"मला ठाऊक व्हतं," ती म्हणाली. "पोस्टमन आला तव्हा तुजे दादा रानात व्हते. त्याच्याकडूनच वाचून घेतलं अगुदर. मंग दिलं त्यांच्या हाती."

"मग मला विचारलंस कशाला?"

"तुज्या तोंडून काय निगतं ते पाहत व्हते."